पिलसनचा बाजार शुक्रवारी

वऱ्हाडातल्या वरवट बकाल गावात खोटं बोलणाऱ्यांची कमी नव्हती. पण बहुतेकांचं खोटं शेताच्या बांधा-धुऱ्यापुरतं, नाहीतर विकायच्या बैलाच्या वयापुरतं. शेषरावनं मात्र एकदम अख्खा युरोप खंड धरला. मारायचीच तर थाप मोठी मारावी असा काही त्याचा बेत नव्हता. बिचाऱ्याची एकदा जीभ घसरली, आणि बारा वर्षं झाली तरी ती काही उठून उभी राहिली नाही.

झालं असं, की चौदा सालच्या मोठ्या लढाईत शेगावला भरतीचा तंबू लागला तेव्हा शेषराव कापसाची गाडी घेऊन तिथं गेला होता. गाडी गड्याच्या हवाली केली आणि हा परस्पर पलटणीत गेला. गावाला वाटलं, गडी जर्मनशी लढायला गेला. जर्मन राहिला जर्मनीत, आणि शेषरावला नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीपुढे कोणी नेलंच नाही. गोऱ्या सोल्जरांच्या क्यांटीनमध्ये अडीच वर्षं हा बियरचे मग विसळत बसला.

तिथला बुटलेर, म्हणजे मुख्य खानसामा, होता गोव्याचा. अठरा वर्षं त्यानं आगबोटींवर काढलेली, त्यामुळे बोलायला लागला की थांबत नसे. कोणत्या गावची बियर काळी, कोणत्या गावची पिवळी, कुठे ती मातीच्या मगात देतात, कुठे काचेच्या, आणि आगगाडीनं एका गावाहून दुसऱ्या गावी जायला किती तास लागतात, हे सगळं तो शेषरावला रोज सांगे. शेषराव राखेचा बोळा फिरवत ऐके, आणि बुटलेरची पाठ वळली की मगाच्या तळाशी उरलेला घोट पिऊन टाके. गोऱ्याचं उष्टं! घरी कळलं असतं तर बापानं त्याला गोमूत्रात बुचकळून काढला असता.

लढाई संपली, शेषराव गावात आला. मारुतीच्या पारावर पाटलापासून न्हाव्यापर्यंत सारे जमले. किसनराव पाटलांनी स्वतः सरकून जागा दिली. जन्मात कधी दिली नव्हती.

"सांग बे शेषराव, कुठी कुठी लढला?"

बियरचे मग विसळत होतो, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं. समोर चाळीस डोळे. तोंडातून बाहेर पडलं, "फ्रान्सात होतो."

झालं! त्या दिवसापासून शेषराव 'विलायती' झाला. चहाला पहिला कप त्याला, लग्नात पंगतीला पाटलाशेजारी पाट त्याला. लढाईचं विचारलं की तो गंभीर चेहरा करून म्हणे, "ते सांगण्यासारखं नाही बाप्पा." लोकांना वाटे, काय काय पाहिलं असेल यानं. मग बोलणं तो हळूच बियरवर आणे, कारण त्याला ठाऊक होतं तेवढंच. त्याची बायको झुंबरबाईही विहिरीवर कमी नव्हती. "आमच्या ह्यांना आपल्याकडचं पाणीच चालत नव्हतं पहिले सहा महिने," असं ती सांगे, आणि बाया तिची घागर आधी भरू देत. विलायतीनबाई म्हणत तिला.

हे असं बारा वर्षं सुखानं चाललं. मग मोतीरामच्या डोक्यात किडा शिरला.

मोतीराम म्हणजे पानमळेवाला माळी, शेषरावचा लहानपणापासूनचा दोस्त. मोठं अजब होतं त्याचं तोंड. डोळे मिटून पान चावलं की कोणाच्या मळ्यातलं, वेलाच्या शेंड्याचं की बुडाचं, आणि परवा पाणी दिलं होतं की नव्हतं, हे तो सांगत असे. शेगावचे पानवाले व्यापारी माल घ्यायच्या आधी त्याला चावायला देत. त्या वर्षी कापसाचे भाव मातीला मिळाले होते, सारा वऱ्हाड कपाळाला हात लावून बसलेला. पण पान खायचं कोण सोडतो? चिंता असली की माणूस दोन जास्त खातो. मोतीरामचे दिवस बरे होते आणि बायको जाऊन वर्ष झालं होतं. घरात त्याचं मन लागत नव्हतं.

एक दिवस तो पारावर साऱ्यांदेखत म्हणाला, "शेषराव, बारा वर्सं झाले, तू मले नुसती कानानं बियर पाजून राह्यला. आता तोंडानं पाज. विलायतले जाऊ. आगगाडीत बसू, गावोगाव उतरू, जिथची तिथं चाखू. दोघाईचा खर्च माया."

पारावर असा जल्लोष झाला की झाडावरचे कावळे उडाले. शेषरावनं मात्र पागोटं सारखं केलं. हसत म्हणाला, "हाव ना. जाऊ की."

नाही म्हटलं असतं तर? पण बारा वर्षं ज्या गावांचे गोडवे गायले, तिथं फुकट न्यायला माणूस उभा आहे, आणि हा नाही म्हणतो! कोणीही विचारलं असतं, काऊन बे? आणि त्या 'का'चा माग काढत लोक देवळालीपर्यंत पोचले असते. एकदा खरं बाहेर आलं की पाटलाशेजारचा पाट गेलाच, वर गोऱ्याचं उष्टं पिणारा म्हणून पोरंसोरं खडे मारणार.

दुसऱ्या दिवसापासून मोतीरामच्या ओसरीवर बेत सुरू झाला. मोतीरामला अक्षरओळख नव्हती. त्यानं सारवलेल्या जमिनीवर एकेका गावाचं एकेक पान मांडलं. देठ ज्या बाजूला, तिकडे आगगाडी जाणार. आन्तवर्प, ब्रुसेल्स, कोलोन, म्युनिक, पिलसन, प्राग. बुटलेरनं सांगितलेली नावं शेषराव भराभर सांगत गेला. इथवर ठीक होतं.

मग मोतीराम म्हणाला, "आता बाजाराचे दिवस सांग."

"कायचे?"

"अबे, कोण्या गावचा बाजार कोण्या वारी भरते? बिनबाजाराच्या दिवशी गावात जाऊन काय भेटते? शिळं-पाकं. ताजं पीप तं ते बाजाराच्याच दिवशी फोडत असतीन ना?"

 बुटलेर मेल्यानं एवढं बोलून हे सांगितलंच नव्हतं. आणि बाजाराशिवायही गाव असू शकतं हे वऱ्हाडी माणसाच्या डोक्यात येणार कसं? ते शेषरावच्याही आलं नाही. त्याला एवढंच वाटलं, की असणार बाजार, पण आपल्याला वार ठाऊक नाही. मग दडपून दिलं. "आन्तवर्प सोमवार. ब्रुसेल्स मंगळवार. कोलोन बुधवार. म्युनिक बुधवार. पिलसन शुक्रवार. प्राग रविवार."

मोतीराम दोन पानांकडे बघत राहिला. "कोलोन बी बुधवार, म्युनिक बी बुधवार? एका रात्रीच्या गाडीवरचे दोन गावं, अन् बाजार एकाच दिवशी? मंग व्यापाऱ्यानं जावं कुठी? तिथले लोक शहाणे हायेत का येडे?"

"लढाईत गडबड झाली होती," शेषराव म्हणाला. "आता म्युनिकचा गुरुवार केला असंल."

"हां, आता कसं!" मोतीरामनं म्युनिकचं पान बोटभर सरकवलं. आणि सारा प्रवास त्या बाजारांवर बेतला गेला. सोमवारी इथे, बुधवारी तिथे, शनिवारी कुठेच बाजार नाही म्हणून त्या दिवशी आंघोळ आणि धुणं. एका बियरची चव तोंडात असताना दुसरी कळणार नाही, म्हणून दोन बियरच्या मध्ये एक विडा, हेही ठरलं. त्यासाठी पानं महिनाभर टिकावीत म्हणून मोतीराम ओल्या फडक्यात, केळीच्या सोपटात, वाळूत अशा तऱ्हेतऱ्हेनं गठ्ठे बांधून बघू लागला. गावातला माणूस काशीला जाताना एवढी तयारी करत नाही.

शेषरावनं आपल्या परीनं खूप खोडे घातले. आधी पितृपक्ष काढला. मोतीराम म्हणाला, पितर इथंच जेवतीन, आपण नंतर जाऊ. मग थंडी काढली. मोतीराम म्हणाला, शिमग्यानंतर निघू. मग समुद्र ओलांडल्यानं धर्म बुडतो म्हणाला. त्यावर सारा पार खदखदा हसला. "तुया एकदा बुडालाच हाये ना बे! पुन्हा किती बुडीन?"

मद्यबंदीवाले काँग्रेसचे स्वयंसेवक गावात आले, तेव्हा शेषरावला वाटलं देवच पावला. ते मोतीरामच्या दारात बसले. विदेशी माल, त्यात दारू, आणि तुम्ही चक्क प्यायला जाता? मोतीरामनं त्यांना विडे दिले आणि समजावलं, "भाऊ, विदेशी माल इथं येऊ द्याचा नाही, हेच ना तुमचं? मंग मी बी तेच करून राह्यलो. इथं याच्या आधीच तिथं जाऊन संपवतो." पोरं चपला घालून उठली. विडे मात्र त्यांना आवडले.

शेवटची आशा सरकारवर होती. उत्तमराव मास्तरांनी पासपोर्टाचे अर्ज लिहून बुलढाण्याला पाठवले. सरकारदरबारी अर्ज गेला की नातवाच्या लग्नापर्यंत परत येत नाही, असा जगाचा अनुभव. शेषराव निर्धास्त झाला, दोन घास जास्त जेवू लागला. आणि नेमके त्याच वर्षी सरकारला कामाचं वेड लागलं! दीड महिन्यात दोन्ही पासपोर्ट दारात.

रंगपंचमी झाली. निघायचा दिवस उजाडला.

गावाची रीत अशी, की कोणी काशीला निघालं की वाजतगाजत वेशीपर्यंत पोचवायचं. परत येईल न येईल, म्हणून जाणाऱ्यानं वेशीत उभं राहून साऱ्या गावाची माफी मागायची. माझं चुकलं माकलं पोटात घाला, मी पापी, मी खोटा, असं म्हणायचं. गावानं डोळे पुसायचे. मागल्या साली गोजरबाई काशीला निघाली तेव्हा म्हणाली, "मी सासूले उपाशी ठेवलं, माफ करा." ते शब्दशः खरं होतं आणि गावाला ठाऊक होतं, तरी बाया हमसून हमसून रडल्या. काशीला जाणाऱ्याची रीत बियरला जाणाऱ्याला लावावी का, यावर पारावर जरा वाद झाला. किसनराव पाटील म्हणाले, "काशीहून लांब जाऊन राह्यले. लावा."

वेशीत डफडं थांबलं. मोतीराम पुढे झाला, माफी मागून मोकळा झाला आणि गाडीत पानांच्या करंड्याशेजारी जाऊन बसला. शेगावची गाडी गाठायची होती, त्याला घाई.

मग शेषराव उभा राहिला. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता एवढीच एक जागा उरली होती. इथं सांगितलं नाही, तर पिलसनला शुक्रवारी मोतीरामच्या समोर तोंड काळं होणार, परमुलखात, त्याच्याच पैशानं. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

"मी खोटा माणूस हावो," तो म्हणाला. "मी कधी विलायतले गेलोच नाही. देवळालीले होतो. गोऱ्याईचे मग विसळत होतो. त्याईचं उष्टं पेलो मी. बारा वर्सं तुमाले फसवून राह्यलो. ते बाजाराचे वार बी माया मनचे हायेत."

 शेषरावनं डोळे मिटून घेतले, पहिला खडा कुठून येतो याची वाट बघत.

आणि गोजरबाईनं हंबरडा फोडला. "काय बाई निगर्वी माणूस! येवढी दुनिया पायली, अन् म्हणते काहीच नाही पायली!"

"मी मग विसळणारा, म्हणते," पाटलांचा आवाज भरून आला. "येवढी माफी तं आमच्या बापानं काशीले जातानी बी मांगली नोती."

उत्तमराव मास्तर बाजूच्याला समजावत होते, की खऱ्या ज्ञानी माणसाला आपण काहीच जाणत नाही असंच वाटत असतं. बाया पदर डोळ्यांना लावत पाया पडायला पुढे आल्या. शेषराव ओरडला, "अहो, खरं सांगून राह्यलो मी! मारुतीची आन!" त्यावर तर डफडेवालाही रडायला लागला. गाडीतून मोतीराम खेकसला, "पुरे कर बे! गाडी चुकंल!"

शेवटी झुंबरबाई ताट घेऊन ओवाळायला आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बोटानं त्याच्या कपाळावर कुंकू टेकवता टेकवता ती हळूच म्हणाली, "कायले गळा काढता? मले तवाचंच मालूम हाये. मनिआर्डरीवर देवळालीचा शिक्का राहे. शेगावचा पोष्टमन दर खेपेस वाचून दाखवे."

शेषरावच्या हातातलं पागोटं खाली पडलं. "मंग बोलली काऊन नाहीस?"

"बोलत तं होती. तुमी पारावर, मी विहिरीवर. तुमाले लाज वाटे का नाही, मले नाही ठावं. मले वाटे." तिनं पागोटं उचललं, धूळ झटकली आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवलं. "आता जातच आहा, तं सारं नीट पाहून या. मले बी एकदा खरं सांगू द्या बायाईले."

शेषराव गाडीत चढला. मोतीरामनं त्याच्याकडे पाहिलं, मग वेशीकडे पाहिलं.

"काय म्हणे वहिनी?"

"जा म्हणे," शेषराव म्हणाला.