बिनधक्क्याचा रस्ता

सोळा वर्षं मी मोटरसायकलवर दुधाच्या कॅन वाहिल्या. यवतमाळातला कुठला रस्ता कुठे दगा देतो हे मला झोपेतही सांगता येतं, असा माझा तोरा होता. बायकोच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा हा तोरा कामी येईल असं वाटलं.

आमचं घर वडगावच्या बाजूला आणि डायलिसिसचा दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आठवड्यातून दोनदा जायचं. दुखण्याने तिची हाडं ठिसूळ झालेली. ऑटोत बसली की कण्हायची. बाइकवर निदान खड्डा पाहून चाक चुकवता येतं. म्हणून तिला बाइकवरच न्यायचं ठरवलं आणि रस्ता शोधायला निघालो.

शोधायची रीत दूधवाल्याची. मागच्या सीटवर बिनझाकणाची कॅन काठोकाठ पाण्याने भरून बांधली आणि एकेका रस्त्याने दवाखान्यापर्यंत नेली. बाजार, दत्त चौक, बसस्टँड असा गेलो तर निम्मी कॅन माझ्या पाठीवर. कॉलन्यांमधून गेलो तर पावलोपावली ब्रेकर. ज्याने घर बांधलं त्याने उरलेल्या सिमेंटचा एक उंचवटा दारापुढे ओतलेला. शेवटी शहराला वळसा घालणारा नवा रस्ता सापडला. लांबचा होता, पण पाणी जेमतेम ओंजळभर सांडलं. शेजाऱ्यांना, सासुरवाडीला, दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा मी ही कॅनची गोष्ट सांगितली.

त्या रस्त्यावर स्मशान लागतं. मला ते दिसलं नव्हतं असं नाही, पण माझं लक्ष खाली डांबराकडे होतं.

पहिल्याच आठवड्यात ती मागून म्हणाली, "अवो, एखाद दिवस बाजारातून घ्या ना गाडी."

"हाडं खिळखिळे होतील तुहे," मी म्हणालो.

आणखी दोनदा म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. मग तिने म्हणणं सोडलं. त्या रस्त्याला लागलो की माझ्या खांद्यावर डोकं टेकवून गप्प व्हायची. आरशात तिचे मिटलेले डोळे दिसायचे. "इतका मऊ रस्ता आहे की तिले गाडीवर झोप लागते," असं मी चारचौघांत सांगायचो, आणि लोक मान डोलवायचे.

असे अकरा महिने गेले. एके सकाळी स्मशानाजवळ मयत आडवी आली आणि गाडी थांबवावी लागली. निघताना मयत दिसली की काम होतं, असं आमच्याकडे मानतात. तिला धीर द्यावा म्हणून मी मागे वळून म्हणालो, "शुभ असते हे. पाह्य, आज तुहा रिपोर्ट चांगला येते."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "शकुन धडधाकट मानसाले असते. मले कायचा?"

"झोपली नव्हती का तू?"

"झोपत नाई मी. धुराचा वास आला का डोये मिटून घेते. मंग पार पाण्याच्या टाकीपर्यंत उघडत नाई."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"सांगतलं ना तीनदा. पुढं तुमी त्या कॅनची गोष्ट साऱ्याइले सांगत सुटले. कोनत्या तोंडानं सांगू?"

मयत पुढे गेली. मला गाडी सुरू करता येईना. किक मारत होतो आणि पाय घसरत होता. मला तिचा राग आला, हे खरं सांगतो. इतकं करूनही ही बाई समाधानी नाही, असंच आधी मनात आलं. शरम वाटली ती दवाखान्यात, तिच्या खाटेशेजारी चार तास बसल्यावर.

पुढच्या खेपेला बाजारातून गेलो. प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. दत्त चौकात तिने एका दुकानातल्या साडीला नावं ठेवली. बसस्टँडसमोर म्हणाली, "थांबवा जरा." नेरची गाडी लागली होती, नेर तिचं माहेर. उतरणाऱ्या एकेका माणसाकडे ती मान उंचावून पाहत राहिली. ओळखीचं कोणी नव्हतं. एका बाईच्या पिशवीतून तुरीच्या ओल्या शेंगा डोकावत होत्या.

"शेंगा भरल्या वाटते तिकडं," ती म्हणाली. "चला आता."

दवाखान्यात पोचेपर्यंत दुखण्याने तिचा चेहरा पांढरा पडला होता. तरी उतरताना तिने बजावलं, "याच रस्त्यानं आनत जा."

मी आणलं. अकरा महिने त्या बाईला मी डोळे मिटून बसायला लावलं, आणि वर त्याचं कौतुक करून घेतलं. तिच्या रस्त्याने आम्ही चारदाच गेलो.