मॅडमची कुरकुर

"थांबा. ही तक्रार हाय का नुसती कुरकुर?"

कुणी रडगाणं सुरू केलं की मॅडम चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि हे विचारायच्या. त्यांना क्लासला सोडणारा रिक्षावालाही यातून सुटला नव्हता. राजारामपुरीतल्या त्या इमारतीत मी गणित शिकवायचो, शेजारच्या खोलीत त्या इंग्रजी. मध्ये प्लायवूडची भिंत. त्यामुळे त्यांचं इंग्रजी मला फुकटात ऐकायला मिळायचं.

एकदा मी बंद पंख्यावरून धुसफुसत होतो.

"सर, हे ग्रम्बल झालं. तोंडातल्या तोंडात. मालकाला जाऊन सांगितलं की ते कम्प्लेन. पंखा फिरायला कम्प्लेन लागतंय."

मी गेलो नाही. शेवटी त्याच गेल्या. त्यांचा आवाज तुम्ही ऐकला असता तर कळलं असतं, पंखा संध्याकाळच्या आत का बदलला ते.

त्यांच्याकडे परदेशी निघालेल्या नर्स यायच्या, बहुतेक खेड्यापाड्यातल्या. इतर क्लासवाले मुलाखतीची उत्तरं पाठ करून घेत. मॅडम कण्हणं शिकवत. खुर्चीत म्हातारीसारख्या बसून एकेक आवाज काढून दाखवत.

"व्हाइन म्हणजे नाकातनं, लांबवत, हट्टी पोरासारखं. नॅग म्हणजे तेच तेच, डोकं उठेस्तोवर. ग्रोन म्हणजे कण्हणं, ते मात्र येगळं. ते माणूस करत न्हाय, ते निघतंय."

पोरी खिदळायच्या. माझ्या खोलीतली मुलंही हसायची. मग मॅडमचा आवाज चढायचा.

"हसू नका! तिकडं म्हातारी माणसं एकटी असत्यात. कसं हाय विचारलं की म्हणत्यात, कान्ट कम्प्लेन. म्हणजे बरं हाय असं न्हवं. म्हणजे मला सांगायचं न्हाय. तवा तुम्ही कान द्यायचा."

त्या स्वतः शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. उचगावात एक भाऊ होता, त्याच्याकडे सणावारी जायच्या. क्लास सुटला की त्या फळा पुसत, सरळ असलेले बाकही पुन्हा सरळ करत. मग माझ्या दारात उभ्या राहत. "सर, चहाला येतासा?" खालच्या टपरीवर त्यांचा चहा गार व्हायचा, तरी कप हातातून सुटायचा नाही. कोल्हापुरी बायकांसारखं त्याही स्वतःबद्दल 'येतो, जातो' बोलत. "चला, जातो आता," असं म्हणूनही त्या बराच वेळ बसून राहत.

"तब्येत कशी आहे?" मी विचारायचो.

"मला काय धाड भरलीया?"

परदेशी गेलेल्या मुली सुरुवातीला वरचेवर फोन करत. मग दिवाळीला. मग तेही नाही. "कामात असत्यात पोरी," मॅडम म्हणायच्या, आणि नव्या पोरींसमोर जुन्यांचं कौतुक करायच्या. आजऱ्याची एक मुलगी तेवढी दर रविवारी फोन करायची. ती इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमात कामाला होती. तिचा फोन घ्यायला मॅडम सुट्टीच्या दिवशीही क्लासवर येत. घरी रेंज नसते म्हणायच्या. रेंज असावी असं मला वाटतं.

अशाच एका रविवारी माझा जादा तास नुकताच सुटला होता. पलीकडे मॅडमचा व्हिडिओ कॉल चालला होता. पेन खाली पडलं, त्या वाकल्या असाव्यात. मग फोनमधून त्या मुलीचा आवाज आला.

"मॅडम, काय झालं?"

"काय न्हाय गं. पेन पडलं."

"आत्ता आवाज आला, तो ग्रोन होता."

"मला शिकवतीस व्हय?"

"मॅडम, तिथं सर आहेत का? त्यांना फोन द्या."

मी आत गेलो. मॅडम एका हाताने बाक धरून उभ्या होत्या. चेहरा घामानं डबडबलेला. "सर, आजच दवाखान्यात न्या," ती मुलगी म्हणाली. "त्या काही नाही म्हणतील. ऐकू नका."

त्या तेच म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

तपासण्या झाल्या. पोटातला आजार फार पुढं गेला होता. दुखणं कितीतरी महिन्यांचं होतं. दवाखान्याच्या बाकड्यावर मी विचारलं, "एवढं सोसत होता, बोलला का नाहीत?"

"बोलायला समोर माणूस लागतंय, सर. घरात भिंतीला सांगू?"

भाऊ त्यांना उचगावला घेऊन गेला. त्या वारल्या त्यालाही आता वर्ष होत आलं. त्यांच्या खोलीत हल्ली लहान मुलांचा कॉम्प्युटर क्लास भरतो. आजऱ्याची मुलगी अजूनही कधीतरी मला फोन करते. आम्ही हवापाण्याचं बोलतो आणि ठेवतो.

शेवटच्या दिवसांत मी उचगावला गेलो होतो. स्वतःबद्दल कधी अवाक्षर न काढणारी ही बाई त्या दुपारी थांबायलाच तयार नव्हती. चहात साखर ढीगभर पडते. भाचा टीव्ही मोठ्यानं लावतो. उशी दगडासारखी. खिडकीतून शेजारच्या गोठ्याचा वास येतो. भावजय बिचारी दारात कानकोंडी होऊन उभी. मी तिला खुणेनंच म्हटलं, बोलू दे.

ऊन उतरलं तसा मी उठलो, चप्पल पायात सरकवली. मॅडमनी माझ्या शर्टाची बाही धरली.

"कुठं निघालासा? बसा की. हितल्या पाण्याचं सांगायचं ऱ्हायलंच."

मी चप्पल काढली आणि पुन्हा बसलो.