दुपारच्या चिपा

बोईसरच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्यात हेमांगीताईंनी मोजलेलं दुसरं कोणी पडताळून बघत नसे. अकरा वर्षांची कमाई होती ती. चिंचणीहून सकाळच्या एसटीनं येणारी, आयटीआय शिकलेली ही बाई त्या एका गोष्टीवर मनातून फुशारायची, आणि का फुशारू नये?

महिन्यापूर्वी चिपा तपासायचं नवं मशीन आलं. चिपेच्या आत सिग्नल किती चपळ धावतो, ते हे मशीन सांगे. एक फेरी इतकी झटपट होते की मोजताच येत नाही. म्हणून सिग्नलला आतल्या आत गोल गोल पळवायचं आणि ठरलेल्या वेळात किती फेऱ्या झाल्या ते बघायचं. फेऱ्या कमी भरल्या की चिप मंद, म्हणजे बाद.

त्यावर तपासलेल्या पहिल्याच मालातल्या सहाशे चिपा बाद निघाल्या. नवा इंजिनिअर अनुज यानं माल परत धाडायचं ठरवलं. संध्याकाळी टेम्पो यायचा होता, हेमांगीताईंची सही तेवढी राहिली होती. सही करण्याआधी त्यांनी नोंदी चाळल्या आणि त्या थबकल्या. बाद झालेल्या सगळ्या चिपा दुपारी बारानंतर तपासलेल्या. सकाळची एकही नाही. चिपांना काय दुपारची झोप येते?

त्या मशीनकडे गेल्या, वर हात ठेवला आणि चटकाच बसला. एसीच्या गारठ्यात जेवण निवतं म्हणून बाराला डबे मशीनवर गरम करायला ठेवायचे, आणि जेवल्यावर धुतलेले डबे वाळायला पुन्हा तिथंच, ही टूम त्यांचीच. जुन्या मशीनला ते खपून जाई. नव्याची गरम हवा बाहेर पडायची जाळी मात्र नेमकी वरच होती. ती झाकली की मशीन आतून तापे, आणि तापलेली चिप मंद धावे.

डबे गुपचूप उचलून उद्या पुन्हा मोजलं असतं, तर कोणाला पत्ताही लागला नसता. हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही.

"सर, माल चांगला हाय," त्या अनुजला म्हणाल्या. "चूक माजी हाय. आमी डबे ठेवतो ना मशीनवर, त्यानं ते तापतं."

"डबे?"

"बोंबलाचं कालवण होतं आज."

अनुजला हसू आवरेना. हेमांगीताईंना मात्र धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आता आपल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार, या विचारानं रात्रीचं जेवणही त्यांना गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यांविना सगळं पुन्हा मोजलं. सहाशेतल्या सहाच खरोखर मंद निघाल्या. पुरवठादार फोनवर उखडला. काल सहाशे म्हणता, आज सहा म्हणता, हे तरी खरं कशावरून? पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. हेमांगीताई मान खाली घालून चिपा डबीत भरत राहिल्या.

"कालची चूक ज्यांनी आपणहून सांगितली ना," अनुज म्हणाला, "त्यांनीच मोजलंय." आणि आकडे न बघताच त्यानं रिपोर्टवर सही ठोकली.