टेपबाईंची पिवळी रेघ

मंडईतल्या निरीक्षक बाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. खिशात कायम शिंप्याची मापाची टेप, म्हणून त्या टेपबाई. टेप सासऱ्यांची. म्हातारबांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि दुकान बंद करताना ती सुनेच्या हाती दिली. फाटकाशी टेबल टाकून बसायचं आणि फेरी मारून गाळ्यांसमोरून फाटकापर्यंत आखलेली पिवळी रेघ राखायची, हे बाईंचं काम. रेघेबाहेर टोपली आली की पावती फाडायची.

पण पावती फाडूनही टोपल्या जिथल्या तिथे. उलट सकाळी कांदेवाली स्वतःच दंड पुढे करायची. "घ्या बाई, आजचं भाडं." भाडं म्हणे! बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातच अग्निशमन दलाचं पत्र आलं. शुक्रवारी बंब मंडईतून आरपार जाणार. अडकला तर मंडईला सील. एकशे चाळीस गाळे, म्हणजे एकशे चाळीस घरांच्या चुली. मंडईच्या साहेबांनी बाईंना दंड दुप्पट करायला सांगितलं.

जेवताना बाईंनी ते सांगितलं, तेव्हा सासरे हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "सूनबाई, पैसे भरले की माणसाला चुकल्यासारखं वाटत नाही, विकत घेतल्यासारखं वाटतं. दुप्पट केलात तर बडे विकत घेतील आणि छोटे रडतील."

"मग काय करू, बाबा?"

"पैशाने भरून निघणार नाही असं काहीतरी जाऊ दे त्यांचं."

भांडी घासता घासता बाईंना सुचलं. सकाळी त्यांनी फळ्यावर नियम लिहिला: दंड बंद. जो रेघ ओलांडेल, त्याने दाखवून देणाऱ्याशी महिनाभर जागा बदलायची.

"आपलं उत्पन्न बुडेल की," साहेब कुरकुरले.

"साहेब, रेघ कुणी ओलांडू नये म्हणून दंड होता ना? मग तो बुडायलाच हवा."

दोन दिवसांत मंडईचं रूप पालटलं. आपली जम बसलेली जागा कुणाला सोडवेना, आणि शेजाऱ्याच्या जागेवर मात्र सगळ्यांचा डोळा. कांदेवाली आणि शेजारचा बटाटेवाला, सख्खे भावजय-दीर, एकमेकांच्या टोपल्यांवर पहारा देऊ लागले.

"वहिनी, दोन बोटं पुढे आलाय."

"बोटांनी काय मोजता भावजी, टेप आणा."

शुक्रवारी बंब मागच्या बाजूने आत शिरला. टोपल्या रेघेच्या हातभर आत. बाईंची छाती अभिमानाने फुगली. बंब सगळे गाळे ओलांडून फाटकापाशी आला आणि थांबला.

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "हे टेबल कुणाचं?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी टेप लावली. रेघेच्या बाहेर चक्क दीड फूट. अकरा वर्षं त्यांनी सगळी मंडई मोजली, पण आपलं टेबल मोजायचं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. शरमेने त्यांचे कान तापले. चौघांनी टेबल उचललं, बंब बाहेर पडला आणि दलाच्या अधिकाऱ्याने कागदावर मंजुरीची सही केली.

मग कांदेवाली हळूच पुढे आली. "बाई, ड्रायव्हरला काही गाळा नाही. तेव्हा दाखवून दिलं ते मीच, असं धरा."

"निरीक्षकाला कसला नियम?" पाहणीला आलेले साहेब म्हणाले.

बाईंनी पर्स उघडलीही होती. 'दंड भरते' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मग स्वतःचंच हसू येऊन त्यांनी पर्स मिटली आणि टेबलाचं एक टोक धरलं. "वहिनी, दुसरं टोक तुम्ही धरा."

दुपारपर्यंत फाटकापाशी कांद्यांचा ढीग संपला. कांदेवाली खूश होऊन आत आली. "बाई, महिना झाल्यावरही ही जागा ठेवायची तर भाडं किती पडेल?"

कांद्यांच्या उरलेल्या पोत्यांमध्ये बसलेल्या बाईंनी डोळे पुसले. "ते आता कुणालाच भरता येत नाही," त्या म्हणाल्या, "मलासुद्धा."