पावणेतीन मिलिमीटर

आमच्या क्लबाचे अध्यक्ष नवं इंजिन रुळावर ठेवलं की आधी त्याच्या चाकांपुढे लिंबू ठेवतात. खरं लिंबू. बाजारातलं, पिवळंधमक, रसरशीत. इंजिन सगळं मिळून वीतभर, आणि त्याच्यापुढे हा गोळा. आमची छोटी इंजिनं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान असतात. त्या हिशेबाने ते लिंबू एक मजली घराएवढं होतं. चिरडलं जाणं तर सोडाच, इंजिन त्याला ढुशा देत राहतं, चाकं जागच्या जागी गरगरतात, आणि शेवटी अध्यक्ष एका बोटाने लिंबू बाजूला सारतात. मग टाळ्या. दरवर्षी. आणि ही म्हणे अचूक मोजमापाचा छंद असलेली माणसं!

मी एकदा म्हटलं, "साहेब, ठेवायचंच असेल तर मापात ठेवा. खसखशीचा दाणा ठेवा."

अध्यक्ष हसले. "मॅडम फार विनोदी आहेत," असं शेजारच्याला म्हणाले. मी विनोद केला नव्हता. मी हिशेब करून सांगितलं होतं. घरी वडिलांनाही तोच हिशेब ऐकवला.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढते. पंपाचे भाग. तिथे केसाएवढी चूक झाली तरी माल परत येतो आणि वर चार शब्द ऐकावे लागतात. त्यामुळे "चालतंय की" हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि आमच्या क्लबात दुसरा शब्दच नाही. परदेशी इंजिन मागवायचं, भाच्याकडून विमानाने आणवायचं, त्यावर आपल्या रेल्वेचा रंग फासायचा आणि "आपलं डिझेल इंजिन" म्हणून मिरवायचं. अध्यक्षांच्या लाडक्या इंजिनावर तर अमेरिकेतली घंटा तशीच आहे. टपावर, चांगली चकचकीत. मी विचारलं, ही घंटा कुठून आली? तर म्हणतात, "राहू दे हो, देवळासारखी वाटते." आता याला काय बोलायचं, कप्पाळ! कठडे झाडूच्या दांड्याएवढे जाड. खिडक्या भलतीकडे. खऱ्या इंजिनाच्या बोगीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, चाकांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांच्यामधलं अंतर सारखं नसतं. यांच्यातल्या एकाने हे कधी पाहिलंय? सगळा जन्म रुळांच्या शेजारी काढलाय यांनी.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता येत नाही ती एक गोष्ट आहे: रुळांमधलं अंतर. बाजारात जे छोटे रूळ मिळतात ते परदेशातल्या रुळांच्या मापाचे. आपले खरे रूळ त्यांच्यापेक्षा रुंद. छोट्या मापात हा फरक पावणेतीन मिलिमीटरचा. खऱ्या रुळावर तो वीतभर भरतो, वीतभर! आपलं रुंद, बसक्या अंगाचं इंजिन यांच्या रुळावर ठेवलं की नऊवारी नेसलेल्या बाईला उंच टाचांच्या चपला घातल्यासारखं दिसतं. आता पडेल, मग पडेल. आणि हे चष्मे पुसून म्हणतात, "काय हुबेहूब झालंय!"

माझं इंजिन मी बरोबर मापाचं केलं. पितळी पत्रा कापून, एकेक रिव्हेट दाबून, पोटात मोटर बसवून. कारखान्यातून घरी येऊन, कोपरखैरण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून. चाकांमधलं अंतरही बरोबर ठेवलं. त्याचा परिणाम एवढाच की ते कुठल्याही रुळावर चालेना. त्या मापाचा रूळ विकतच मिळत नाही. क्लबवाल्यांना याचा केवढा आनंद! "मॅडमचं इंजिन पुतळा आहे," असं म्हणून झालं.

मला त्यांच्या हसण्याचं काही नव्हतं. मला आबांचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. मराठवाड्यातल्या गावातून आले आणि जन्मभर डिझेल शेडमध्ये फिटर होते. शेडमध्ये शिरलं की आधी इंजिनाच्या अंगावर हात ठेवायचा, अशी त्यांची सवय. गरम लागलं म्हणजे इंजिन जिवंत. थंड लागलं म्हणजे फेल होऊन पडलेलं. ज्या इंजिनावर त्यांनी सगळ्यात जास्त वर्षं काम केलं ते पुढे भंगारात काढलं. गॅसने कापायला सुरुवात व्हायच्या आधी आबा जाऊन त्याच्यावर हात ठेवून आले. घरी येऊन जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "लई थंडगार लागलं गं." मी तेव्हा कॉलेजात होते, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझं इंजिन म्हणजे ते इंजिन. त्याच नंबरचं.

आता आबांची फुप्फुसं गेली आहेत. हॉलमध्ये खाट, खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता दवाखान्यात आणून काही उपयोग नाही, घरीच आरामात राहू द्या. इंजिन पूर्ण झालं तेव्हा मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं, नंबर वाचला, खूश झाले. मग त्याच्या अंगावर तळवा ठेवला आणि उचलून घेतला.

"थंड हाय," म्हणाले.

"आबा, मॉडेल आहे ते."

"आसंल. पर थंड हाय. चालताना दाव मला. वळणावरनं येताना दाव."

त्यानंतर रोज सकाळी तेच. हात ठेवायचा, काढायचा. थंड हाय. तक्रार अशी नव्हती, पण मला कामावर जाताना लिफ्टमध्ये रडू यायचं. हा माणूस कधी जाईल सांगता येत नव्हतं, आणि माझ्या अचूकपणापायी त्याचं इंजिन शोकेसमध्ये पडलं होतं.

शेवटी अध्यक्षांनीच विषय काढला. "मॅडम, चाकं बदला. आमच्या मापाची घाला, मी देतो. प्रदर्शनात आपल्या मोठ्या टेबलावर चालवू. वडिलांना पहिल्या रांगेत बसवू. अहो, पावणेतीन मिलिमीटरने काय बिघडतं?"

"तुमच्या चष्म्याचा नंबर पावणेतीनने बदलून बघा, मग कळेल," मी म्हटलं. पण चाकं घेतली. आबांसाठी घेतली. माझी बरोबर मापाची चाकं काजळाच्या डबीत घालून ठेवली आणि त्या रात्री मला माझाच राग आला.

प्रदर्शन नेरूळच्या एका हॉलमध्ये होतं. आबांना इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, छोटा सिलिंडर घेतला, रिक्षाने नेलं. खुर्चीत बसले तर डोळे नुसते त्या टेबलावरच्या वळणाकडे. मी माझं इंजिन रुळावर ठेवलं. अरुंद चाकांवर ते केविलवाणं दिसत होतं, पण म्हटलं जाऊ दे, चालेल तर खरं.

"थांबा थांबा," अध्यक्ष म्हणाले. "आधी पूजा!"

लिंबू आलं. कुंकू आलं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात लिंबू सरबतात पडतं आणि नारळ आमटीत. शेडमध्ये दसऱ्याची पूजा चालायची तेव्हा आबा बाहेर चहा प्यायला जायचे, कुणाशी वाद न घालता. इथे ते वळणाकडेच बघत राहिले. मीही थांबले. पाच मिनिटांचा प्रश्न होता.

मग नारळ आला. मला वाटलं, बाहेर पायरीवर नेऊन फोडतील. छे! या गृहस्थांनी तो टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला. ज्या टेबलावर रूळ, रुळांत वीज, कडेला विजेचा डबा, बटणं, तारा. तिथे. आणि नारळही असा पाणीदार निघाला म्हणता! सगळं पाणी फस्सकन रुळांवर आणि डब्यात. चर्रर्र आवाज झाला, जळका वास सुटला, डोंगरातल्या बोगद्यातले दिवे गेले. माझं इंजिन लिंबापर्यंतसुद्धा पोचलं नाही. जागचं हललं नाही.

आणि अध्यक्ष काय म्हणाले असतील? उपरण्याने रूळ पुसत म्हणाले, "नारळाचं पाणी पडणं शुभच असतं."

मेंदू कुठल्या मापाचा आहे हो तुमचा? सत्त्याऐंशीपट लहान? हे मी तिथे मोठ्याने बोलले. चारचौघांत.  मला अजूनही त्याचं तसूभर वाईट वाटत नाही.

रिक्षात आबा डोळे मिटून बसले. मला वाटलं दम लागलाय. मग म्हणाले, "शेडात पूजा करनारे लोकबी नारळ भाईर दगडावर फोडायचे. इंजिनावर न्हाई. तेवडी अक्कल त्यास्नी व्हती."

"आबा, तुम्हाला चालताना बघायला मिळालं नाही."

"तू रूळ टाक की," ते म्हणाले. "तुज्या मापाचा."

असं सरळ. जणू कोपऱ्यावरून दूध आणायचं होतं.

मी दुसऱ्या दिवशी क्लब सोडला, रजा टाकली आणि रूळ टाकायला बसले. सुट्या पट्ट्यांना सोल्डरचा डाग देताना धूर होतो, तो आबांना चालला नसता. म्हणून मी गॅलरीत दार लावून एकेक तुकडा जोडायची आणि गार झाला की आत न्यायची. आबांच्या हातात मी कारखान्यात कापून घेतलेला धातूचा तुकडा दिला होता, बरोबर रुळांमधल्या अंतराएवढा. ते तो दोन रुळांमधून सरकवत न्यायचे. अडकला की "न्हाई बसला." सैल पडला तरी "न्हाई बसला." मी परत गॅलरीत. बसला की नुसती मान हलवायचे. बोलायला श्वास पुरत नसे. काही दिवस तर तुकडा हातात धरूनच झोप लागायची त्यांना, आणि मी मशीनचा आवाज ऐकत त्यांच्या छातीकडे बघत बसायची. हलतेय ना. हलतेय. चला, पुढचा तुकडा.

अडचण वळणाची होती. खऱ्या मापाच्या इंजिनाला मोठं वळण लागतं आणि आमचा हॉल म्हणजे काय, सिडकोच्या घराचा हॉल. कुठूनही मोजा, मध्ये खाट येत होती. खाट हलवायची तर आबांना उठवायला हवं, आणि ते आता होत नव्हतं. मग मी रूळ खाटेखालून नेला. जेवायला बसायचे जुने पाट ओळीने मांडून त्यांवर प्लायवूड टाकलं. स्वयंपाकघराच्या दारातून रूळ निघतो, आबांच्या उशाकडून खाटेखाली शिरतो आणि पायथ्याशी बाहेर पडतानाच वळतो, खिडकीकडे. म्हणजे इंजिन वळणावरूनच त्यांच्या समोर येणार.

काजळाच्या डबीतली चाकं काढून परत बसवली. इंजिन रुळावर ठेवलं आणि बघतच राहिले. रुंद, बसकं, जमिनीला धरून. जसं असतं तसं.

"थांब," आबा खाटेवरून म्हणाले.  श्वास लागला की काय?

"खसखस हाय का घरात?"

"खसखस? आत्ता?"

"त्या अदेक्शाचं लिंबू ठिव की," म्हणाले, आणि नळीच्या आतून असे हसले की मशीनची शिट्टी वाजायला लागली. मी मसाल्याच्या डब्यातून एक दाणा आणून रुळावर ठेवला. दोनदा खाली पडला.

बटण फिरवलं. इंजिन निघालं. दाण्यावर आलं आणि पुढे गेलं, ढुशा नाहीत, काही नाही. खाटेखाली शिरलं. आता ते आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं. नुसती बारीक घरघर. आबांनी मान वळवून उशीला कान लावला आणि ती घरघर उशाकडून पायाकडे जाताना ऐकली. मग पायथ्याशी आधी नाक दिसलं, मग नंबर, आणि सगळं इंजिन वळत वळत उजेडात आलं.

आबांनी हाताने "परत" अशी खूण केली. मी परत नेलं, परत आणलं. पुन्हा खूण. पुन्हा. संध्याकाळपर्यंत आमचा तोच धंदा. शेवटी त्यांनी बोटाने जवळ थांबवायला सांगितलं. मी इंजिन उचलून खाटेशेजारी एका पाटावर, त्यांच्या हाताशी ठेवलं.

त्यांनी हात खाली सोडला आणि पितळी पाठीवर तळवा ठेवला.

"गरम हाय गं," म्हणाले.

आणि हात काढला नाही. डोळे मिटले, झोप लागली, तरी काढला नाही. मी तशीच पाटाशेजारी फरशीवर बसून राहिले, इंजिन थंड होईपर्यंत.