पॅसिव्हचं अ‍ॅक्टिव्ह करणारे हात

आमचे हे जाताना मला काहीतरी सांगून गेले. काय, ते मला अजून माहीत नाही.

आज वर्ष झालं.

या ग्रुपवरचे निम्मेअधिक जण संत तुकाराम नगरला आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून इंग्रजी शिकलेत. ते यांना ओळखतात. बाकीच्यांसाठी सांगते.

हे महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेसशॉपला होते. तिथे एवढा आवाज, की शेजारच्याशी बोलायचं तरी हातानेच. प्रेसचा डाय, म्हणजे अवजड लोखंडी साचा, बदलताना खाली उभं राहून क्रेनवाल्याला खुणा करायच्या, हे यांचं काम.

उचल. पुढे घे. खाली ठेव. थांब.

सगळी नोकरी अशी गेल्यावर माणूस घरी तरी काय बोलणार! चहा हवा असला तरी हात वर.

"अहो, मी क्रेन नाहीये," मी म्हणायचे.

हसायचे. आणि परत तीच खूण.

मी दहावीची ट्यूशन घ्यायचे. व्हॉइसचा धडा आला की सगळ्यांची गाडी अडायची. एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'द लेटर वॉज रिटन बाय राम.' करा याचं अ‍ॅक्टिव्ह. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले.

हे फर्स्ट शिफ्ट करून आले होते, कोपऱ्यात चहा पीत होते. इंग्रजी यांचं नोटीस बोर्डापुरतं. पण उठले, फळ्यासमोर उभे राहिले. 'राम'कडे बोट दाखवून ते हवेत गोल फिरवलं. उचल. हात स्वतःकडे ओढला. पुढे घे. वाक्याच्या सुरुवातीला पालथा हात खाली. ठेव.

मग 'लेटर' उचलून मागे नेलं. आणि 'बाय'ला अंगठ्याने खांद्यावरून मागे उडवलं.

"हा स्क्रॅप. उरलेलं मॅडमना विचारा," म्हणाले, आणि चहा संपवायला बसले.

उरलेलं म्हणजे 'वॉज रिटन'चं 'रोट' करणं. त्या दिवसापासून वाटणीच झाली. उचलाउचल यांची, क्रियापद माझं.

एका वर्षी शाळेतून फोन. तुमच्या क्लासची मुलं प्रीलिमला एकमेकांना खुणा करतायत, कॉपी चाललीय म्हणे! मी जाऊन कितीही सांगितलं तरी सुपरवायझर सरांना पटेना. शेवटी हे युनिफॉर्मवरच आले आणि स्टाफरूममध्ये दोन वाक्यं उचलून दाखवली.

सर म्हणाले, "अहो, हे आम्हाला कोणी का नाही शिकवलं?"

हे नुसते लाजले. कौतुक झालं की यांना काय करावं ते कळायचं नाही.

मग झटका आला. बोलणं गेलं. एक हात तेवढा चालत होता.

खरं सांगू, मी फारशी घाबरले नाही. म्हटलं, आपलं निभावेल. एवढा संसार हातांवरच तर केलाय.

पाणी. पाठ दुखतेय. पंखा कमी कर. सगळं कळायचं मला. नर्स म्हणायची, "काकू, तुम्हाला बरं समजतं हो!" मी जरा मिरवून घ्यायचे.

शेवटच्या दिवशी सकाळी यांनी एक नवीनच खूण केली.

मूठ छातीवर ठेवली. दोन बोटं माझ्याकडे वळवली. मग हात पालथा करून चादरीवर हळूच थोपटलं.

"पाणी देऊ?"

मानेनेच नाही.

"उठवून बसवू?"

नाही.

"लेकीला बोलावू का?"

नाही. परत तीच खूण. अगदी सावकाश, ढ मुलाला समजावतात तशी.

मग दमले. माझ्याकडे बघून थोडं हसले आणि ओळखीचा हात हलवला. राहू दे.

दुपारी गेले.

लेक म्हणते, "मम्मी, काळजी घे म्हणत असतील पप्पा." असेल. पण 'काळजी घे'ची खूण वेगळी होती. रोज कामावर निघताना दारात करायचे.

क्लास चालू आहे. यंदा व्हॉइसचा धडा आला तेव्हा मीच हात वर करून 'राम'ला उचलायला गेले. नवी मुलं आहेत. त्यांना वाटलं, मॅडमना काय होतंय. एकीने तर पाणी आणून दिलं. मी प्यायले आणि पुढचा धडा घेतला.

एक आशा मात्र होती. यांचे क्रेनवाले दत्ताभाऊ. महाळुंग्याचेच. त्यांना ती खूण नक्की माहीत असणार. तरी वर्षभर विचारलं नाही. विचारायचं बाकी आहे, तोवर यांचं माझ्याशी बोलणंही बाकी आहे, असं वाटायचं.

आज यांच्या वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. भंतेजी येऊन गेले, जेवणं झाली. मी दत्ताभाऊंना स्वयंपाकघरात बोलावलं आणि खूण करून दाखवली.

"पुन्ना करा, वहिनी."

केली.

त्यांनी स्वतःच्या हाताने ती करून बघितली.

"असा सिग्नल आमच्यात न्हाई."

"नीट आठवा ना, भाऊ. एखादा जुना असेल."

"वहिनी, त्यांचा हात बघूनच समदी नोकरी केली म्या. त्यांचा एकबी सिग्नल मला ठाव न्हाई आसं न्हाई. ह्यो कंपनीतला न्हाई. ह्यो तुमच्यासाठीच केला आसंल त्यांनी."

डोळे पुसत बाहेर गेले. नंतर सगळेच गेले. लेकीचीही सकाळची ड्युटी, तीही निघाली.

भांडी घासून झाली. हॉलमध्ये बसून मी ती खूण पुन्हा करून बघितली. मूठ. दोन बोटं. चादर नव्हती, म्हणून सतरंजीवर थोपटलं. समोर कोणी नव्हतं.

आता विचारायलाही कोणी उरलं नाही.

अहो, जे काही होतं ते माझ्यासाठी होतं, आणि मला नाही कळलं हो.

जय भीम.