ऑर्फामावशीच्या विहिरीचं पाणी

आमच्या खोऱ्यात ऑर्फा कॉम्ब्सला सगळे मावशी म्हणतात. मी म्हणत नव्हते. मी तिला कंपनीची खबरी म्हणायचे, तेही तोंडावर.

कारण होतं. कंपनीनं कोळशासाठी डोंगराचा माथा उडवला आणि खालच्या विहिरी नासल्या. मी कंपनीविरुद्धच्या तक्रारीवर दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या. मावशीचं घर खाणीच्या अगदी पायथ्याशी. तिचीच सही नसेल तर गुरुवारच्या सरकारी सुनावणीत आमचं कोण ऐकणार? तिनं तीनदा दार लावून घेतलं. तिचा जावई कंपनीच्या गेटवर पहारेकरी. माझ्या घरी आमची बैठक झाली की दुसऱ्या दिवशी कंपनीला सगळं ठाऊक. एवढं समजायला मला शाळा लागली नाही.

आणि ही बाई कोण? अर्ध्या खोऱ्याची बाळंतपणं हिनं केलेली, माझ्या आईचंही. नवरा खाणीच्या धुळीनं खोकून खोकून गेला. तरी गप्प! माझं डोकं फिरायचं ते त्यानंच.

जूनमध्ये आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा रविवार असतो. बायका बायकांचे धुतात, पुरुष पुरुषांचे. कमरेला लांब टॉवेल बांधायचा आणि जिच्याशी बिनसलंय तिच्यापुढे गुडघे टेकायचे. नाही म्हणायची सोय नाही. मी मागच्या बाकावर होते, पिशवीत सह्यांचे कागद. सगळ्या विकतचं पाणी घेत होत्या. मावशीनं मात्र घरून आणलेली बरणी तसराळ्यात ओतली आणि सरळ माझ्याकडे आली. मी पिशवी मांडीखाली सरकवली.

"काय हवंय?"

"पाय दे, डेल्फी. भांडण नंतर कर."

पाय बुडवले तर पाणी गंजासारखं तांबडं. मी सकाळी मक्यात अनवाणी राबले होते. लाजून पाय ओढला.

"तुझी घाण नाही ती. माझ्या विहिरीची आहे," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या माना वळल्या. पलीकडे पुरुषांत बसलेल्या तिच्या जावयानं खाली बघितलं.

"मग दार का लावलंस?"

"तीनदा कागद घेऊन आलीस. मी कशी आहे, विचारलंस एकदा तरी?"

"आणि खबर कोण देतं?"

"तुझा घसा! तुझं घर गेटसमोर, खिडक्या उघड्या, आणि तू बोंबलतेस."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला पूर्ण पटलं नाही. अजूनही नाही.

पण धुवून घेतले की धुवायचे, हा नियम. मी गुडघ्यांवर बसले. तिचे पाय सुजलेले, घोट्यापर्यंत पुरळ, याच पाण्यानं. याच पायांनी ती माझ्या जन्माच्या वेळी बर्फातून आली होती. पाय धुताना देव इथे उतरतो म्हणतात. मी तीस वर्षं वाट बघून चिडले होते. त्या दिवशी माझ्या हातांत कुणीतरी होतं, आणि ते माझ्या बाजूचं आहे की नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"पेन काढ," ती म्हणाली. "जावयाची नोकरी गेली तर तुझ्याकडे जेवायला पाठवीन."

"पाठव, मावशी."

गुरुवारी मावशी तांबड्या पाण्यानं पुन्हा भरलेली बरणी मांडीवर घेऊन सुनावणीत माझ्याशेजारी बसली. आमच्या दोघींच्या मध्ये नको म्हणून पिशवी मी दुसऱ्या बाजूला ठेवली होती.